‘फक्त साफसफाई’ म्हणणाऱ्या पॅचमध्ये नेमकं काय तपासायचं?

भाऊ, तुझा प्रश्न असा: लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिमच्या, डिस्कवरची जागा फाइलींना वाटून देणाऱ्या ब्लॉक अ‍ॅलोकेटरवरचा पॅच (कोडमधला बदल) म्हणतो ‘फक्त साफसफाई, वागणूक तीच’, मग रिव्ह्यूत बघायचं काय?

‘वागणूक तीच’ हाच दावा तपासायचा. आपल्याकडे रावेर-यावलला शेत सातबाऱ्यावरच्या गट नंबरने ओळखतात, तशी इथे डिस्कही गटांत वाटलेली असते. गटातला कुठला ब्लॉक भरलाय, कुठला रिकामा, याची नोंद बिटमॅपमध्ये असते, दर ब्लॉकला एक बिट. ४ केबीच्या एका बिटमॅप ब्लॉकमध्ये ३२,७६८ बिट, म्हणून एक गट १२८ एमबीचा. ब्लॉकचा पत्ता म्हणजे गट नंबर गुणिले ३२,७६८, अधिक गटातली जागा. हा गुणाकार ६४ बिटांत व्हायला हवा. साफसफाई करताना कुणी ‘उगाचचा’ कास्ट (आकड्याचा टाइप बदलायची सूचना) काढला, तर गुणाकार ३२ बिटांतच होतो आणि १६ टीबीच्या पुढचा पत्ता फिरून डिस्कच्या सुरुवातीला येतो. म्हणजे नांगर थेट दुसऱ्याच्या शेतात! लहान डिस्कवर हे कधीच दिसणार नाही, म्हणून प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप बोट ठेवून वाच.

१ केबीच्या ब्लॉकवर पहिला डेटा ब्लॉक ० नसून १ असतो. पत्त्यात तो १ मिळवायचा राहिला तर ४ केबीवर सगळं बरोबर दिसतं आणि १ केबीवर प्रत्येक पत्ता एका घराने चुकतो. एक्सएफएसटेस्ट्स (फाइल सिस्टिमच्या चाचण्यांचा संच) दोन्ही आकारांवर चालवायला सांग.

एरर आल्यावरच्या वाटाही बघ: गटाचा लॉक (एका वेळी एकालाच गट बदलू देणारं कुलूप) सुटतो का, बफर (ब्लॉकची मेमरीतली प्रत) परत जातो का. आणि नावं बदलणं व कोड हलवणं एकाच पॅचमध्ये असेल, तर मी सरळ दोन पॅच मागतो. लोकांचा डेटा आहे, त्यात भीड कशाला?