व्हीगन होतोयस? आधी पोटभर खा

दूध-अंडी एका झटक्यात सोडलीस, ठीक. पण धावताना तिसऱ्याच किलोमीटरला पाय जड होतात म्हणतोस, त्यामागे प्रथिनांच्या कमतरतेपेक्षा एकूणच कमी खाणं असण्याची शक्यता जास्त. भाज्या-कडधान्यांत चोथा भरपूर, पोट लवकर भरतं नि उष्मांक अपुरे पडतात. मीही पहिले दोन महिने अर्धपोटीच पळत होतो, तेही तोऱ्यात! शेंगदाणे, तीळ, तेल बिनधास्त वाढव. नियमित व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं पुरतात. सोयाबीन, टोफू, डाळींतून जमतं. बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी मात्र चुकवू नकोस, वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. आणि जेवणावर लगेच चहा नको, लोह नीट शोषलं जात नाही. त्यापेक्षा डाळीवर लिंबू पीळ.