ठाण्यात तलावपाळीजवळ एवढं जुनं चर्च कसं, आणि त्याच्या आवारात शाळा का?

तुम्ही ठाण्यात नव्याने राहायला आलात. तलावपाळीवर फिरताना संत जॉन बाप्तिस्ता चर्च दिसलं आणि कुणीतरी सांगितलं, की हे इंग्रजांचं. माझा बाप्तिस्मा या चर्चमधला आणि शाळाही आवारातलीच, म्हणून सांगावंसं वाटतं.

हे इंग्रजांचं नाही, पोर्तुगीज काळातलं आहे. इंग्रजांनी ठाणं घेतलं १७७४ च्या डिसेंबरात. त्याच्या कितीतरी आधी, १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांना दिली. ठाणं साष्टीतच. मागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या कॅथलिक संघांचे पाद्री आले. पण ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास त्याच्याही मागे जातो. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू इथे मारले गेले. त्यांच्या अस्थी पुढे ओडोरिक नावाच्या प्रवासी साधूने थेट चीनला नेल्या. ठाणं तेव्हा मोठं बंदर होतं, म्हणून ही माणसं इथे उतरली.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो यानंतरचा काळ, आणि नेमकं त्याबद्दलच कुणी बोलत नाही. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई पडली. पोर्तुगीज अधिकारी गेले, त्यांचे पाद्रीही गेले. मागे राहिले ते ख्रिस्ती झालेले इथलेच शेतकरी आणि कोळी, ज्यांची शेती आणि होड्या इथेच होत्या. त्यांना सांभाळलं गोव्याहून आलेल्या पाद्रींनी. घरात मराठी बोली, अंगावर लुगडं, लग्नात ‘उंबराचं पाणी’ हा इथला विधी आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मात्र लॅटिनमध्ये, असं दोन शतकांहून जास्त चाललं. मराठीत मिस्सा सुरू झाली ती १९६० च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर. माझी आजी सांगायची, की पहिल्यांदा फादरांच्या तोंडून मराठी ऐकली तेव्हा बायका रडल्या होत्या.

‘ईस्ट इंडियन’ हे आमच्या समाजाचं नाव ऐकून लोक बुचकळ्यात पडतात, कारण आम्ही पश्चिम किनाऱ्यावरचे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, मुंबईत नोकऱ्या वाढल्या, गोवा आणि मंगळूरहून कॅथलिक येऊ लागले. इथल्या जुन्यांना तोवर ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणायचे. आपण पूर्वीच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातले, इथलेच, हे ठसवायला १८८७ मध्ये त्यांनी हे नाव घेतलं.

आता शाळा. चर्चजवळ शाळा काढायची ही सवय पोर्तुगीज काळापासूनची. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या लेण्यांवर आजही चर्चच्या विद्यालयाचे अवशेष उभे आहेत. सुरुवातीला हेतू धर्मशिक्षणाचा, पण प्रार्थना वाचता यावी म्हणून शिकवलेलं अक्षर पुढे पोटापाण्याला उपयोगी पडलं. रेल्वेत, कचेरीत इंग्रजी लागायला लागली तशी चर्चला लागूनची शाळा सगळ्यांनाच हवीशी झाली. माझ्या वर्गात ख्रिस्ती मुलं थोडीच होती. धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही बाजूच्या खोलीत जायचो आणि बाकीच्यांना नीतिशिक्षण असायचं. डबा मात्र एकत्रच, आणि नाताळात माझ्या डब्यातल्या करंज्यांवर सगळा बाक तुटून पडायचा.

लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला काढायला मी चर्चच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी जाड नोंदवही उघडून माझ्या ओळीवर बोट ठेवलं. समासात माझ्या दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या संस्काराची, तारीख होती, आणि पुढची जागा कोरी. “लग्न झालं की इथेच लिहितात,” त्या म्हणाल्या. मग मी विनंती केली म्हणून त्यांनी आजोबांची वही काढली. त्यांचं नाव लॅटिन वळणाने लिहिलेलं, आणि समासात दुसऱ्या शाईत आजीचं.

तुम्हाला आत जाऊन बघायचं असेल तर २४ जूनला, संत जॉनच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, दिवशी या. सगळ्यांना येता येतं, फक्त मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसा.