पॅलेसच्या चहाला साडी चालेल का?

प्रश्न : ताई नमस्कार, लग्न होऊन इंग्लंडला आले त्याला अकरा वर्षं झाली, इथल्या विमेन्स इन्स्टिट्यूट या बायकांच्या क्लबची मी मेंबर आहे. यंदा बकिंगहॅम पॅलेसच्या गार्डन पार्टीला आमच्या शाखेतून एकीला जायचं होतं, चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नाव निघालं! आनंद झालाच, पण सत्तरी-ऐंशीच्या जुन्या मेंबर असताना मी जाणं बरं दिसेल का, हे सारखं मनात येतं. शिवाय साडी नेसू की ड्रेस आणि हॅट? आणि राजा समोर आला तर काय करायचं?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : आधी मनापासून अभिनंदन! चिठ्ठीत नाव निघालंय, तर संकोच नको. या पार्टीला आपणहून अर्ज करून जाता येत नाही, संस्थांनी नावं पाठवायची असतात, म्हणजे तुम्ही जाताय ती क्लबची जागा आहे, तुमची एकटीची नाही. त्या जुन्या बायकांना वाईट वाटेल असं वाटत असेल तर जायच्या आधी एक दिवस त्यांच्याकडे चहाला जा आणि त्यांच्याकडून क्लबच्या गोष्टी ऐकून घ्या. विमेन्स इन्स्टिट्यूटची ही चळवळ 1897 मध्ये कॅनडात सुरू झाली, ब्रिटनमधली पहिली शाखा 1915 मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावर निघाली, तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं आणि खेड्यातल्या बायकांनी अन्न पिकवायला हातभार लावावा हा एक मोठा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धात फळं वाया जाऊ नयेत म्हणून सरकारने साखर दिली आणि बायकांनी ढीगभर जॅम केला. एलिझाबेथ राणी स्वतः 1943 पासून सँड्रिंगहॅमच्या शाखेत मेंबर होत्या. हे सगळं पाठ करू नका हो, पण कोणी विचारलं "तुम्ही कुठून आलात" तर आपल्या शाखेबद्दल दोन वाक्यं तरी तयार ठेवा, मी माझ्या वेळी नुसती "हो, हो" करत राहिले त्याची चुटपुट अजून आहे.

साडी तर नेसाच. आपापल्या देशाचा पोशाख तिथे चालतो, आणि साडीवर हॅट लागत नाही. फक्त पैठणी नेसायची तर हवामान बघून, ओल्या हिरवळीवर काठ भिजले की जीव हळहळतो, त्यापेक्षा हलकी इरकल किंवा नारायणपेठ बरी. निऱ्या जरा वर खोचा, पदराला पिना भरपूर लावा कारण मोकळ्यावर वारा असतो, टोकदार हील मातीत रुतते म्हणून चपटी किंवा रुंद टाचेची चप्पल घाला. छत्री आणि शाल पिशवीत असू द्या, आमंत्रणपत्रिका आणि फोटो असलेलं ओळखपत्र तर हवंच.

दुपारी 3 ला गेट उघडतं, साधारण 4 ला राजा-राणी बाहेर येतात, बँडवर राष्ट्रगीत वाजतं, मग गर्दीतून वाटा मोकळ्या केल्या जातात आणि ते त्यातून चालत येतात. एकेका पार्टीला आठ हजाराच्या आसपास पाहुणे असतात, त्यामुळे भेट होईलच असं धरून चालू नका, पण वाटेच्या कडेला उभं राहिलात तर जवळून दिसतात. बोलले तर पहिल्यांदा 'युअर मॅजेस्टी', नंतर 'सर'. राणीला नंतर 'मॅम', आणि हा उच्चार 'जॅम'सारखा. गुडघा वाकवून नमस्कार करायची सक्ती नाही, मान हलकेच लववली तरी पुरतं. बसायला खुर्च्या सगळ्यांना मिळतीलच असं नाही म्हणून पायांची तयारी ठेवा, चहा-सँडविच-केक घ्यायला लवकर जा, मद्य नसतं, आणि राहिलेल्या वेळात बाग फिरा, 39 एकरांची आहे आणि तळ्याकाठी गर्दी बरीच कमी असते.

आल्यावर पुढच्या मीटिंगला तीच साडी नेसून जा, आणि त्या आजींना पहिलं सगळं सांगा, केक कसा होता तेसुद्धा, त्या आधी तेच विचारणार!