पूर्वी दुहेरी मान्यता असलेला फॅमिली मेडिसिन प्रोग्राम एमबीबीएसने टाळावा का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत फॅमिली मेडिसिनसाठी अर्ज करताना, पूर्वी एसीजीएमई (डॉक्टरांच्या पदवीनंतरच्या प्रशिक्षणाला, म्हणजे रेसिडेन्सीला, मान्यता देणारी संस्था) आणि एओए (ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांची संघटना) अशी दुहेरी मान्यता असलेले प्रोग्राम 'डीओंचे', म्हणजे एमडीसारखेच पण हाताने हाडा-स्नायूंवर उपचारही शिकलेल्या ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांचे, म्हणून सोडून द्यावेत का, पुढे सीव्हीवर ते कमी दिसतं का.

सोडू नका. उलट यादीत वर ठेवा. मी महाराष्ट्रातून एमबीबीएस करून पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात अशाच प्रोग्रामात रेसिडेन्सी केली. "तिथे कशाला गेलीस?" हे इतक्यांदा ऐकून घेतलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आज दुहेरी मान्यता उरलेलीच नाही. १ जुलै २०१५ ते ३० जून २०२० या काळात एओएचे प्रोग्राम एसीजीएमईखाली आले. २०२० पासून मॅच, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याची प्रक्रिया, तीही एकच. आता जे दिसतं ते 'ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन', म्हणजे एसीजीएमईच्याच मान्यतेवर मिळणारी जादा ओळख. तेव्हा तुमचा प्रश्न खरं तर जुन्या शिक्क्याबद्दल आहे.

तो शिक्का का होता, तर डीओ मुलांच्या सोयीसाठी. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, फ्लोरिडा अशा काही राज्यांत डीओला परवान्यासाठी पहिलं वर्ष एओएच्या मान्यतेचं लागायचं. एओएचा मॅच फेब्रुवारीत, आपला मार्चमध्ये. फॅमिली मेडिसिनवाल्यांना दोन्हीकडची चांगली मुलं हवी असायची, म्हणून ते दोन्ही मान्यता घ्यायचे. नुसत्या एओएच्या प्रोग्रामात आपल्याला दारच बंद होतं.

पुण्यात एका लग्नात माझा बॅचमेट भेटला. इंटर्नल मेडिसिन करून कार्डिओलॉजीत गेलेला. पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन-दोन शिक्के लागतात म्हणजे पहिल्यावर कुणाचा भरवसा नाही." सगळे हसले. माझ्या सासूबाईही हसल्या, त्यांना बिचाऱ्यांना विषय कळला नव्हता. मी तिथे भांडले नाही, लग्नघर होतं.

त्याला जे सांगायचं राहिलं ते असं. दोन मान्यता म्हणजे दोन तपासण्या. आपल्याकडे कॉलेजची तपासणी म्हटली की रंगरंगोटी आणि त्या दिवसापुरती भरलेली खुर्ची, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे एसीजीएमईचे लोक आले ते ओपीडीच्या आकड्यांवर बसले. प्रत्येक रेसिडेंटने तीन वर्षांत आपल्या ओपीडीत किमान १६५० रुग्णभेटी केल्या पाहिजेत, हा तेव्हाचा नियम. (२०२३ पासून तो बदलून १००० तासांचा झाला.) मग त्यांनी आम्हा रेसिडेंटना बाजूला घेऊन, सीनियर कुणी नसताना, ड्युटीचे तास विचारले.

एओएचे तपासनीस आले त्यांची तऱ्हाच निराळी. त्यांनी केसपेपर मागवले. एका रेसिडेंटच्या कागदावर तक्रार 'पाठदुखी', आणि तपासणीत हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. त्यांनी त्या ओळीवर पेन ठेवलं आणि विचारलं, "पाठीला हात लावला का?" खोलीत कुणी बोललं नाही. त्या आठवड्यापासून आमच्या प्रोग्राम डायरेक्टरने नियम केला : एमडी असो, डीओ असो की आपला एमबीबीएस, दुखणारी जागा उघडून, दाबून बघायची आणि काय सापडलं ते लिहायचं.

त्याचा उपयोग माझ्या डोळ्यांसमोर झाला. एक गोठेवाला शेतकरी, खांद्याच्या पात्याखाली कळ, ईसीजी आणि एक्स-रे दोन्ही नॉर्मल. माझ्या डीओ सहकारिणीने त्याला बसवलं, बरगड्यांवरून बोट खाली खाली नेलं आणि कण्याजवळच्या एका जागी थांबली. तो कळवळला. "श्वास सोडा, आता माझ्या हाताविरुद्ध ढकला" असं करत पाच मिनिटं गेली. उठून त्याने हात वर केला तो पूर्ण गेला. बरगडीची ती तपासणी मी तिच्याकडून शिकले. आजही छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचं हृदय आधी बघते, आणि मग बरगड्या बघितल्याशिवाय त्याला घरी पाठवत नाही.

ऑस्टिओपॅथीतलं सगळंच मला पटतं असं नाही. कवटीची हाडं हलवण्याचा प्रकार मी कधी मानला नाही. पण कंबरदुखीत हाताने केलेल्या उपचाराला २०१७ च्या एसीपीच्या (अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स) मार्गदर्शनातही जागा आहे.

आता सीव्हीचं. नोकरी देणारा बघतो तुम्ही बोर्ड सर्टिफाइड आहात का, आणि एबीएफएमची (फॅमिली मेडिसिनच्या बोर्डाची) परीक्षा तुम्ही देऊ शकताच. जुना शिक्का कुणी विचारत नाही.

काही गोष्टी मात्र तपासा. एकत्रीकरणात काही लहान प्रोग्राम बंद पडले, म्हणून मान्यता 'कंटिन्यूड' (पुढे चालू) आहे की अजून 'इनिशियल' (सुरुवातीची), ते एसीजीएमईच्या यादीत बघा. काही ठिकाणी जे-१ व्हिसासुद्धा देत नाहीत. तिथे अर्जाचे पैसे घालवू नका. प्रसूतीचं काम हवं असेल तर मुलाखतीत रेसिडेंटलाच विचारा, डायरेक्टरला नको. आणि फॅमिली मेडिसिन मनापासून करायचं नसेल, दुसरं काही मिळत नाही म्हणून येत असाल, तर कुठलाच शिक्का कामाचा नाही.

कुणी 'डीओंचा प्रोग्राम' म्हणून नाक मुरडलं, तर त्याला विचारा की औषध लिहून देणं, शस्त्रक्रिया करणं यांत एमडी आणि डीओच्या हक्कांत कुठल्या राज्यात फरक आहे. पन्नासपैकी एकाही राज्यात नाही. माझ्या बॅचमेटला मी हे नंतर लिहून विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून यायचंय.