प्रोलॅक्टिन ६८ आलंय? एमआरआयच्या आधी औषधांची पिशवी उघड

तुझी पोस्ट दोनदा वाचली. वय २९, दोन महिने पाळी नाही, छाती दाबली की दुधासारखा थेंब, प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं हार्मोन ६८. रिपोर्ट पाहून कुणीतरी 'मेंदूत गाठ असेल' म्हणालं आणि तू रात्रभर झोपली नाहीस. आता उद्याच एमआरआय करून टाकू का, असं विचारते आहेस. एमआरआय लागला तर जरूर कर, पण त्याआधी करायच्या चार गोष्टी आहेत.

सगळ्यात आधी प्रेग्नन्सी टेस्ट. दिवस राहिले की प्रोलॅक्टिन वाढतंच, आणि पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेली, प्रोलॅक्टिन बनवणारी ग्रंथी) एमआरआयला शिरेतून जो डाय देतात तो गरोदरपणात शक्यतो टाळतात.

मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. थायरॉइड मंदावलं की प्रोलॅक्टिन वाढतं, शिवाय पिट्युटरी फुगून मोठीही दिसते. थायरॉइड न तपासता एमआरआय केला तर ती फुगलेली ग्रंथी गाठ समजली जाऊ शकते. सोबत क्रिएटिनिन ही किडनीची तपासणीही करून घे.

आता औषधं, आणि इथे मी जरा थांबणार आहे. तू लिहिलंस की 'अ‍ॅसिडिटीची साधी कॅप्सूल सोडली तर काहीच घेत नाही'. ती स्ट्रिप उलटी कर आणि मागची बारीक अक्षरं वाच. लेव्होसल्पिराइड किंवा डॉम्पेरिडोन दिसतंय का? ही दोन्ही डोपामिन या मेंदूतल्या रसायनाला अडवतात, आणि प्रोलॅक्टिनला लगाम घालतं ते डोपामिनच. माझ्या वहिनीचं ९२ आलं होतं. डॉक्टरांनी तिची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली, त्यातून अशीच एक कॅप्सूल निघाली. ती बंद करून पुन्हा तपासलं तर १६! एमआरआय झालाच नाही. तुझ्या डॉक्टरांना विचारून तीन-चार दिवस थांबवता आली तर थांबव आणि परत तपास. मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर मात्र ती स्वतःहून अजिबात बंद करायची नाही.

पुन्हा रक्त देताना उठल्याउठल्या धावत जाऊ नकोस. उठून दोन-तीन तास होऊ देत, लॅबमध्ये पंधरा-वीस मिनिटं शांत बस. आणि बाई गं, थेंब येतो का हे सारखं दाबून बघणं बंद कर, त्यानेसुद्धा आकडा वाढतो.

एवढं करूनही आकडा वरच राहिला, तर पिट्युटरीचा एमआरआय. बायकांत साधारण २५पर्यंत (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) नॉर्मल धरतात. २००-२५०च्या वर गेला तर प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असण्याची शक्यता बरीच वाढते. उलटंही होतं, गाठ मोठी आणि आकडा मध्यमच. मग डॉक्टर लॅबला नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगतात. १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठ ती मायक्रो. मोठी असेल तर डोळ्यांची फील्ड टेस्टही (बाजूचं किती दिसतं ते बघायला) करतात, कारण दृष्टीच्या नसा पिट्युटरीच्या अगदी वरूनच जातात.

माझी ७ मिलिमीटरची निघाली होती. 'ट्यूमर' हा शब्द वाचून मी रिपोर्ट घडी करून साडीच्या कपाटात ठेवला आणि आठवडाभर घरात कुणाला सांगितलं नाही. पण ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही, फक्त कॅबरगोलिन ही प्रोलॅक्टिन कमी करणारी गोळी, आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी. पहिल्या रात्री उठले तेव्हा चक्कर येऊन बाथरूमच्या उंबऱ्यावर बसावं लागलं. तेव्हापासून जेवणानंतर, थेट झोपतानाच घेते. तिसऱ्या महिन्यात पाळी आली. एक लक्षात ठेव, या गोळीने पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात.

अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, उलट्या झाल्या, दोन-दोन दिसू लागलं किंवा बाजूचं दिसेनासं झालं तर यातलं काही करत बसू नकोस, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. नाहीतर एण्डोक्रायनॉलॉजिस्टची (हार्मोनच्या डॉक्टरांची) अपॉइंटमेंट घे आणि आज फक्त त्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाक.