अभयारण्यातली आजोबांची जमीन

प्रश्न : नमस्कार ताई, भीमाशंकर अभयारण्याच्या आत आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे, सातबारा आमच्याच नावावर. एक ओळखीचे फार्महाऊससाठी मागतायत. पण तिथल्या हिरड्यावर शेकरूची घरटी आहेत हो, विकायला जीव होत नाही. वनखातं घेईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : दादा, आधी एक सांगते, फार्महाऊसवाल्याला नाही म्हणा, आजच. मधेच एक बंगला उभा राहिला की रस्ता येतो, कुंपण येतं, दिवे येतात आणि फांदीवरून फांदीवर जाणाऱ्या शेकरूची वाटच तुटते, ते परत जोडता येत नाही.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्याच्या हद्दीतल्या खाजगी हक्कांची चौकशी कलेक्टर करतात, मग ती जमीन हद्दीबाहेर ठेवायची, मोबदला देऊन संपादित करायची की हक्क चालू ठेवायचा हे ठरतं. तुमच्या बाबतीत काय ठरलं होतं ते आधी शोधा, म्हणजे जुने फेरफार काढा आणि सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’चा रकाना नीट वाचा, कारण १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याने कित्येक जमिनी तेव्हाच सरकारजमा झाल्यात आणि घरच्यांना पत्ताच नसतो. नोंद साफ निघाली तर कलेक्टर आणि वन्यजीव विभाग दोघांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आणि हो, तिथे कोणी महादेव कोळी कुटुंब कसत असेल, हिरडा गोळा करत असेल, तर त्यांच्याशी आधी बोला. २००६ च्या वनहक्क कायद्यात त्यांचाही दावा असू शकतो, त्यांना डावलून काही करू नका प्लीज.