आपली गाडी थांबलेली असताना चालू झाल्यासारखी का वाटते?

माझं हे परभणी स्टेशनवर झालंय. खिडकीत चहा घेत बसलो होतो, शेजारच्या रुळावरची गाडी हळूच सुटली अन् मला वाटलं आपलीच निघाली, पाणी आणायला उतरलेल्या भावाला जोरात हाका मारल्या, अख्खा डबा हसला. होतं काय, खिडकीभर ती दुसरी गाडीच असते, अन् समोरचं सगळंच सरकायला लागलं की मेंदू धरून चालतो की सरकतोय आपणच. आतल्या कानाला फक्त वेग कमीजास्त झालेला कळतो, एकसारख्या वेगात जाणं अन् गप बसणं त्याला सारखंच, म्हणून तोही पक्कं नाही म्हणत नाही. दुसऱ्या बाजूला फलाटावरचा खांब बघा, लगेच भ्रम जातो.

एसटीत वेगळीच गंमत, पुढच्या सीटवरून रस्त्याकडे बराच वेळ टक लावून बघत राहा, गाडी थांबली की समोरचं सगळं लांब जातंय असं वाटतं. धबधब्याचं पण तसंच, पाण्याकडे बघून मग बाजूचा खडक बघितला की तो वर चढताना दिसतो, रॉबर्ट अ‍ॅडम्सनं १८३४ मध्येच स्कॉटलंडातल्या धबधब्यावरून हे लिहून ठेवलंय.